गीतेची भाषा प्रौढपणी कशी शिकावी?

सकाळचे स्नान आटोपून देवापुढे बसावे आणि गीतेचा एक अध्याय म्हणावा, हा नेम असंख्य घरांतून चालत आला आहे. इंदूर, बडोदे, नागपूर, काशी, हैदराबाद, बेळगाव, कोठेही जावे, असे एखादे मराठी घर आढळतेच. अशाच एका घरातील आजोबांचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. वय साठीच्या जवळ, नेम पंचवीस वर्षांचा. दुसरा, बारावा व पंधरावा हे अध्याय मुखोद्गत. शेजारी बसलेला आठ-नऊ वर्षांचा नातू स्थितप्रज्ञाची लक्षणे ऐकता ऐकता मध्येच विचारतो, "आजोबा, वीतराग म्हणजे ज्याचा राग गेला तो ना?" आजोबा संतोषाने मान डोलावतात. "मग त्याच शब्दात पुढे क्रोध पुन्हा का हो येतो? राग गेला, तर क्रोध कसला उरला?"

प्रश्न बिनतोड आहे. आजोबा क्षणभर थांबतात आणि "मोठा झालास म्हणजे समजेल" असे म्हणून पुढील श्लोकाकडे वळतात. वास्तविक पाहता ते स्वतः मोठे होऊनही त्यांस ते समजलेले नाही, आणि ही गोष्ट त्या क्षणी त्यांच्या मनाला लागल्यावाचून राहत नाही.

मुलाच्या तर्कात दोष नव्हता. घोटाळा भाषेचा होता. संस्कृतातील 'राग' हा शब्द 'रञ्ज्' धातूपासून आला आहे. रंगणे, रंगून जाणे हा त्याचा मूळ अर्थ; आपला 'रंग' हा शब्दही त्याच कुळातला. मन एखाद्या वस्तूच्या ठायी रंगले की त्यास राग म्हणावयाचे, म्हणजे आसक्ती. मराठीत मात्र तोच शब्द क्रोधाच्या अर्थी रूढ झाला. तेव्हा त्या सामासिक पदात आसक्ती, भय आणि क्रोध अशा तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या आहेत: हवेसे वाटणे, मिळालेले जाईल म्हणून धास्तावणे आणि मिळण्यात कोणी आड आला की संतापणे. पंचवीस वर्षे जिभेवर असलेल्या एका शब्दाचा अर्थ तेवढीच वर्षे चुकीचा लागत होता.

भाषांतरे आहेत की, असे यावर कोणी म्हणेल. आहेतच, आणि त्यांची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, सिद्ध झाली ती संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांसाठीच. विनोबांच्या मातोश्रींना संस्कृत गीता समजत नसे. मराठीतून समजेल अशी गीता त्यांनी मुलाजवळ मागितली, आणि ती इच्छा मनात ठेवून विनोबांनी 1930-31 साली 'गीताई' रचली. त्या वेळी माता हयात नव्हती. जो केवळ वाचतो त्यास भाषांतर पुरे आहे. परंतु जो मूळ संस्कृतच रोज म्हणतो, त्याची स्थिती निराळी. त्याच्या तोंडी शेकडो वाक्ये तयार पडून आहेत. नवी भाषा शिकणाऱ्या अन्य कोणत्याही विद्यार्थ्यास हे भांडवल नसते. ते असून भाषा न शिकणे म्हणजे तिजोरी घरात, किल्ली घरात, आणि कुलूप मात्र उघडावयाचे राहिले, असा प्रकार होय.

"आता वय झाले" ही सबब सर्वांत आधी पुढे येते. उच्चाराच्या बाबतीत तीत तथ्य आहे: परभाषेचे उच्चार लहान मूल जसे सहज उचलते तसे मोठ्यास साधत नाहीत. परंतु व्याकरणाचा नियम समजून घेणे, दोन भाषांची तुलना करणे, एका रूपावरून दुसरे ओळखणे या कामांत आरंभीच्या काळात प्रौढ माणूसच अधिक वेगाने पुढे जातो. जर्मन पंडित आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल याचा जन्म 1767 चा. संस्कृतचा अभ्यास त्याने पॅरिसमध्ये सुरू केला तेव्हा त्याचे वय सत्तेचाळिशीच्या आसपास होते, आणि 1823 साली बॉन येथून त्याने भगवद्गीतेचा मूळ पाठ लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्याच्या मातृभाषेत ना 'कर्म' हा शब्द होता, ना 'बुद्धी', ना 'अहंकार'. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले ते बावन्नाव्या वर्षी. 'गीतारहस्य' लिहिण्याच्या त्याच कारावासात त्यांनी जर्मन, फ्रेंच व पाली या भाषा वाचण्यापुरत्या हस्तगत केल्या. विनोबांनीही शाळेत संस्कृत न घेता फ्रेंच घेतली होती. पुढे 1917 साली आश्रमातून रजा घेऊन ते वाईस गेले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे अभ्यासली. 1942 नंतरच्या कारावासात, वेल्लोर येथे, दक्षिणेकडील चारही भाषांचे अध्ययन केले. हे सर्व असामान्य पुरुष होते हे खरे. परंतु सामान्य गृहस्थास शिकावयाचे आहे तेही किती थोडे! त्यास काव्य रचावयाचे नाही, वादसभा जिंकावयाची नाही. सातशे श्लोकांचे एक पुस्तक समजून म्हणावयाचे आहे.

एवढे उद्दिष्ट निश्चित केले की अभ्यासाचे निम्मे ओझे आपोआप उतरते. भाषा शिकण्यात वेळ जातो तो बहुधा न लागणाऱ्या गोष्टींत. संस्कृत व्याकरणात दहा लकार सांगितले आहेत. गीतावाचनास आरंभी त्यांपैकी चार पुरतात: वर्तमानाचा लट्, आज्ञेचा लोट्, 'करावे' अशा अर्थाचा विधिलिङ् आणि भविष्याचा लृट्. 'उवाच' हे लिट् लकाराचे रूप पदोपदी येते, पण ते 'म्हणाला' या अर्थी तसेच्या तसे लक्षात ठेवावे. अकराव्या अध्यायात भूतकाळाची काही रूपे भेटतील. ती तेथे गेल्यावर पाहावी.

शब्दरूपांचेही तसेच. पाठ्यपुस्तके 'राम' शब्दापासून निघतात आणि नकारान्त शब्दांपर्यंत पोहोचेतो बहुतेक प्रौढ विद्यार्थी गळून गेलेले असतात. गीतेच्या वाचकास मात्र 'आत्मन्' व 'कर्मन्' हे दोन नकारान्त शब्द दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायापासून सतत लागतात. म्हणून 'देव', 'फल' व 'माला' यांच्या पाठोपाठ, चौथ्याच आठवड्यात, 'आत्मा, आत्मानम्, आत्मना, आत्मनः, आत्मनि' आणि 'कर्म, कर्मणा, कर्मणः, कर्मणि' ही रूपे ओळखीची करून घ्यावी. त्याहून आधी सर्वनामे. श्रीकृष्ण स्वतःविषयी बोलतात, अर्जुनास उद्देशून बोलतात. त्यामुळे 'अहम्, माम्, मया, मम, मे, मयि' आणि 'त्वम्, त्वाम्, तव, ते' ही चिमुकली पदे गीताभर विखुरलेली आहेत. त्यांच्याबरोबर 'च, एव, न, तु, हि, अपि, इति, यथा, तथा, यदा, तदा' ही अव्यये घ्यावी. असे तीस-चाळीस लहान शब्द पक्के झाले की कोणत्याही श्लोकातील बरीचशी जागा उजळते. मोठ्या शब्दांच्या मागे लागून लहान शब्दांकडे दुर्लक्ष करणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. वाक्याचे सांधे या लहान शब्दांतच असतात.

मराठी माणसास येथे जी अनुकूलता आहे ती त्यास सहसा कोणी दाखवून देत नाही. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये निघाले. तेव्हापासून शाळकरी मुलेसुद्धा प्रथमा, द्वितीया, तृतीया ही नावे जाणतात. तीन लिंगे मराठीने जपून ठेवली आहेत. हिंदीत दोनच उरली. परंतु सर्वांत मोठी देणगी कर्मणि प्रयोगाची. 'रामेण ग्रन्थः पठितः, रामेण गीता पठिता, रामेण पुस्तकं पठितम्' ही तीन वाक्ये पाहावी आणि त्यांखाली 'रामाने ग्रंथ वाचला, रामाने गीता वाचली, रामाने पुस्तक वाचले' ही लिहावी. कर्ता तृतीयेत, क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे. ठेवण अगदी तीच. बंगाली किंवा तमिळ घरातील विद्यार्थ्यास जी गोष्ट नव्याने घोटावी लागते ती मराठी मूल पाळण्यात शिकलेले असते. 'कृत्वा' म्हणजे करून, 'गत्वा' म्हणजे जाऊन. 'यः' आणि 'सः' यांची जोडी म्हणजे आपली 'जो-तो' ची जोडी. द्विवचन तेवढे मराठीतून गेले. ते नव्याने शिकणे भाग आहे.

मात्र हीच जवळीक धोक्याचीही आहे, आणि या ठिकाणी थोडे थांबावयास हवे. दूरच्या भाषेत न समजलेला शब्द आपण न समजलेला म्हणून ओळखतो. संस्कृतात तसे होत नाही. शब्द ओळखीचा दिसतो, मन पुढे सरकते आणि अर्थ निसटतो. 'विषय' म्हटले की मराठी वाचकास शाळेचे विषय किंवा बोलण्याचा विषय आठवतो. गीतेत तो इंद्रियांनी भोगावयाचा पदार्थ आहे. 'प्रसाद' म्हणजे हातावर पडणारा शिरा नव्हे; दुसऱ्या अध्यायात तो चित्ताची निर्मळता, प्रसन्नता या अर्थी आहे, आणि देवाच्या प्रसन्नतेची खूण म्हणूनच नैवेद्यास ते नाव मिळाले. 'कृपण' म्हणजे चिक्कू, ही मराठीची समजूत. गीतेत फळावर डोळा ठेवणाऱ्यांस हा शब्द लावला आहे तेथे तो 'दीन, कीव करण्याजोगा' असा आहे. 'मात्रा' मराठीत वैद्याची, तेथे इंद्रियांची. 'प्रकृती' विचारली की आपण खोकला-पडसे सांगतो. गीतेतील प्रकृती सर्व सृष्टी चालविते. 'निष्ठा' आपल्याकडे इमानदारीच्या जवळ गेली आहे. तिसऱ्या अध्यायात ती साधनेचा मार्ग, स्थिती या अर्थाची आहे. 'श्रेय' आपण कामाचे घेतो किंवा दुसऱ्यास देतो. अर्जुन श्रेय विचारतो तेव्हा तो आपले खरे हित कशात आहे ते विचारीत असतो. 'लोक' म्हणजे माणसे, तसेच भुवन, जग. 'चेष्टा' म्हणजे थट्टा नव्हे, हालचाल. आणि 'ते' हे दोन अक्षरांचेही नसलेले पद! मराठी डोळ्यास ते 'ते लोक' असे वाटते. तसे ते कधी असतेही; परंतु पुष्कळदा ते 'तुला' किंवा 'तुझे' असते.

म्हणून वहीची शेवटची दहा-बारा पाने अशा फसव्या शब्दांसाठी राखून ठेवावी. डावीकडे शब्द, मध्ये मराठीतील रूढ अर्थ, उजवीकडे गीतेतील अर्थ. ही यादी कोणाकडून आयती घेऊ नये. स्वतः फसून जो शब्द सापडतो तो पुन्हा फसवीत नाही.

या यादीत 'अभ्यास' हा शब्दही घालावा लागेल. मराठीत अभ्यास करणे म्हणजे पुस्तक घेऊन बसणे. सहाव्या अध्यायात चंचल मनावर उपाय म्हणून ज्या अभ्यासाचा उल्लेख आहे, तो म्हणजे तीच गोष्ट पुनःपुन्हा करणे. भाषेच्या बाबतीतही दुसरा अर्थच कामाचा आहे. परंतु पुनःपुन्हा काय करावयाचे, यात गफलत होते.

बहुतेक जण पुनःपुन्हा वाचतात. श्लोक, खाली अर्थ, पुन्हा श्लोक, पुन्हा अर्थ. वाचताना सर्व समजल्यासारखे वाटते. 2006 साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. काहींनी दिलेला उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून नंतर तो बंद ठेवून जेवढा आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांस अधिक येत होते. म्हणजे जे सोपे वाटते ते टिकत नाही, आणि आठविताना जे कष्ट पडतात तेच शिकणे होय. आपल्याकडील जुन्या पाठशाळेत गुरू मध्येच बोट ठेवून "येथून म्हण" असे सांगत, त्यातील मर्म हेच.

याच्याही पूर्वी, 1885 मध्ये, एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचे मोजमाप प्रसिद्ध केले होते. शिकलेले बरेचसे पहिल्या तासांतच जाते. उरलेले पुढे सावकाश जाते. आणि एकाच दिवशी फार वेळा घोकण्यापेक्षा तीच आवर्तने अनेक दिवसांवर पसरली तर श्रम वाचतात. त्यास आणखी असे आढळले की, निरर्थक अक्षरे पाठ करण्यास जेवढे श्रम पडतात त्याच्या सुमारे दशांश श्रमात तेवढ्याच लांबीची अर्थपूर्ण कविता पाठ होते. आपल्या आजोबांनी पंचवीस वर्षांपूर्वी तो अध्याय बहुतांशी निरर्थक अक्षरांप्रमाणे पाठ केला होता; केवढे कष्ट त्यांनी उपसले असतील! तो कष्टाचा भाग आता मागे पडला आहे.

आता प्रत्यक्ष रोजचा अर्धा तास. आरंभ पहिल्या अध्यायापासून करू नये; तेथे योद्ध्यांची व शंखांची नावे फार. बारावा घ्यावा. श्लोक वीसच, छंद अनुष्टुभ्, म्हणजे आठ-आठ अक्षरांचे चार चरण. आणि उत्तरार्धात भक्ताची विशेषणे ओळीने आलेली असल्याने प्रथमा विभक्तीचे एकवचन डोळ्यांत भरते. एका श्लोकास दोन दिवस दिले तरी चाळीस दिवसांत अध्याय होतो. त्यानंतर पंधरावा, सोळावा. मग दुसरा, ज्यात बहात्तर श्लोक आहेत. हात बसल्यावर रोज एक श्लोक धरला तर सातशे श्लोक दोन वर्षांच्या आत होतात.

श्लोक प्रथम न पाहता, पाठ आहे तसा वहीत लिहावा. लिहिताना कित्येक वेळा असे उघड होते की, आपण वर्षानुवर्षे एखादे अक्षर चुकीचे म्हणत होतो. मग संधी सोडवून पदे वेगळी करावी. 'चैव' म्हणजे च आणि एव. 'नास्ति' म्हणजे न आणि अस्ति. 'तदेव' म्हणजे तत् आणि एव. ही युक्ती नवी नाही. वेदांचे रक्षण करणाऱ्यांनी संहितापाठाबरोबर पदपाठ म्हणून संधी सोडविलेला स्वतंत्र पाठ तयार केला आणि तोही तोंडी राखला, तो अर्थाचा धागा तुटू नये म्हणूनच. पदे वेगळी झाल्यावर प्रत्येक पदाखाली पेन्सिलीने विभक्तीचा अंक मांडावा, क्रियापदाखाली रेघ ओढावी, आणि अर्थाचा आपला अंदाज लिहिल्यावरच छापील अन्वयाकडे पाहावे. अंदाज चुकला तर हानी नाही. अंदाज न करता पाहिले तर मात्र त्या दिवसाचा लाभ गेला.

दुसऱ्या दिवशी श्लोक झाकून ठेवून केवळ मराठी अर्थावरून त्यातील पदे आठवावी. हे उलटे पाऊल बहुतेक जण गाळतात, आणि तेच सर्वांत बळ देते. तोच श्लोक पुन्हा तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि मग पुढच्या एकादशीस. एकादशीस नवा श्लोक न घेता मागील पंधरवड्याची उजळणी करावी. फराळाच्या तयारीत घरातील मंडळी गुंतलेली असतात, तेवढा निवांत वेळ पुरुषांस मिळतोच. (घरातील स्त्रियांसही तो मिळावा, अशी व्यवस्था करणे गृहस्थाच्या हाती आहे.)

शब्दरूपांचे कोष्टक गाण्यासारखे घोकण्याविषयी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. 'देवः देवौ देवाः' असे एका दमात म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास मध्येच 'देवैः' कोणती विभक्ती, असे विचारावे. तो पहिल्यापासून पळत येतो आणि धापा टाकीत तृतीयेपाशी थांबतो. वाचताना अशी धाव कोणास परवडणार? म्हणून रूपे चिठ्ठ्यांवर सुटी सुटी लिहून डब्यात टाकावी आणि हाताला येईल ती काढावी. 'फलेषु', 'मालया', 'आत्मनि'. चिठ्ठी काढणारा नातू असला तर फारच उत्तम; मुलांस मोठ्यांची परीक्षा घेणे अतिशय आवडते.

उच्चारासंबंधी थोडक्यात. मराठी 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत. संस्कृतात 'चहा' व 'जीवन' यांतला एकेकच आहे. 'जगत्' चा ज मराठी 'जग' सारखा म्हणू नये. मराठीत 'राम' लिहून आपण राम् म्हणतो. संस्कृतात शेवटचा अ पुरा उच्चारावा, नाहीतर चरणातील अक्षरेच कमी पडतात. 'ज्ञ' आपण द्न्य करतो, हिंदी भाषी ग्य करतात. दोघेही मुळापासून सारखेच दूर आहेत, तेव्हा एकमेकांस हसू नये. र्‍हस्वदीर्घाकडे मात्र बारकाईने पाहावे. सध्याच्या मराठी लेखनात 'कवी' दीर्घ लिहितात. संस्कृतात कवि एकच असेल तर 'कविः'. 'कवी' म्हटले की ते दोन झाले!

श्लोकाचा अर्थ जुळविण्याच्या दोन पद्धती जुने पंडित वापरीत आले आहेत. दंडान्वयात सर्व पदे गद्याच्या क्रमाने एका ओळीत मांडतात. खंडान्वयात प्रथम क्रियापद धरतात आणि त्यास प्रश्न विचारीत बाकीची पदे गोळा करतात. उदाहरणार्थ, 'बालकः प्रातः कूपात् जलम् आनयति' हे वाक्य घ्यावे. आनयति, आणतो. कः? बालकः. किम्? जलम्. कुतः? कूपात्. कदा? प्रातः. घरी शिकणाऱ्यास खंडान्वय अधिक मानवतो, कारण तो दोघांत चालतो. एकाने विचारावे, दुसऱ्याने श्लोकातूनच उत्तर काढावे. हळूहळू विचारणाराही कः, किम्, केन, कस्य, कुत्र या प्रश्नशब्दांत पटाईत होतो, आणि संस्कृत बोलण्याचा संकोच नकळत ओसरतो.

पुस्तके थोडी असावी. पदच्छेद व अन्वय दिलेली गीतेची एक प्रत आणि एक प्राथमिक पाठमाला, बस्स. पेशाने चित्रकार असलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (1867–1968) यांनी औंध येथे आणि पुढे गुजरातेत पारडी येथे स्वाध्याय मंडळ चालविले. त्यांचा 'संस्कृत स्वयंशिक्षक' गुरूवाचून घरी शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेला आहे. वामन शिवराम आपटे यांचा 1890 चा संस्कृत-इंग्रजी कोश फार उपयुक्त खरा, परंतु तो दुसऱ्या वर्षी घ्यावा. कोश जवळ असला की प्रत्येक शब्दास उठून पाहण्याची सवय लागते आणि श्लोक बाजूला राहतो. दर महिन्यास नवे पुस्तक आणणाऱ्याची कपाटे भरतात; वही कोरीच राहते.

समास शेवटी घ्यावे. त्यांची भीती उगाच घातलेली आहे. लांब पद दिसले की त्याचे तुकडे करावे आणि शेवटी एकच प्रश्न विचारावा: हे पद त्याच वस्तूविषयी बोलते, की ती वस्तू ज्याची आहे अशा कोणाविषयी? दुसरे असेल तर तो बहुव्रीही.

आरंभी सांगितलेल्या आजोबांनी वही घातली आहे, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा त्याच पदाशी आले आहेत, असे समजावे. नातवास जवळ बसवून ते लिहितात: वीताः रागभयक्रोधाः यस्मात् सः. "वीताः म्हणजे निघून गेलेले. काय काय निघून गेले? राग, म्हणजे हवेहवेसे वाटणे, भय, आणि क्रोध. यस्मात् सः, ज्याच्यापासून ते गेले तो." नातू विचार करतो. "म्हणजे हा शब्द रागाचे नाव नाही, त्या माणसाचे नाव आहे."

"बरोबर. पीतांबर म्हणतो ना देवाला, तसे. पीतम् अम्बरं यस्य सः."

"पण आजोबा, पीतांबर तर तुम्ही नेसला आहात ते!"

आजोबा हसतात. पिवळे असे जे वस्त्र ते, हा एक समास. ते वस्त्र ज्याचे आहे तो, हा दुसरा. वहीत एकाच शब्दाखाली दोन ओळी लिहिल्या जातात, आणि त्या दिवशीचा अर्धा तास संपतो.